सकाळचे ते दोन चमचे

वाचकांचं पत्र (थोडं आटोपशीर करून) :

"ताई, आम्ही मूळचे कुडाळकडचे, तीस वर्षं डोंबिवलीत आहोत. माझे मिस्टर ५६ वर्षांचे. गेल्या वर्षी त्यांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६४ आलं. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली, तेव्हा ते ९६ वर आलं. मग ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि गोळी बंद करून सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे व्हर्जिन खोबरेल तेल घ्यायला लागले. तीन महिने झाले. परवा तपासलं तर एलडीएल १८१. पण एचडीएल ४० चं ४५ झालंय, म्हणून हे खूश आहेत. 'चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं, तेल लागू पडतंय,' म्हणतात. सासूबाई त्यांच्याच बाजूने : 'आमच्या पिढ्या खोबऱ्यावर जगल्या, कुणाला काही झालं नाही.' माझे सासरे अठ्ठावन्नाव्या वर्षी झटक्याने गेले, हे मी त्यांच्यासमोर कसं बोलू? इकडे जर्मनीतल्या भाचीने एका प्रोफेसरबाईंचं भाषण पाठवलं, त्यात खोबरेलाला सरळ विष म्हटलंय. मी घाबरून घरातल्या सगळ्या बाटल्या माळ्यावर टाकल्या. ह्यांनी त्यांची तेवढी उतरवून घेतली. मुलगी सहा महिन्यांच्या नातवाला घेऊन आलीय, त्याच्या पायांची कातडी कोरडी पडते, त्याला तरी लावायचं की नाही? कुणाचं खरं मानू?"

प्रिय ताई,

आधी निकडीचं सांगते. मिस्टरांना याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. तिन्ही रिपोर्ट सोबत न्या आणि गोळी तीन महिने बंद आहे, हे न लपवता सांगा. उद्या सकाळपासून ते दोन चमचे बंद. बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल, ही दोन कामं मात्र लांबवू नका. वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी गेलेले, स्वतःचं वय छप्पन्न आणि एलडीएल १८१. अशा माणसाच्या बाबतीत मी आहारतज्ज्ञ असूनही नुसत्या आहारावर विसंबून राहणार नाही. आणि चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपल्यासारखं झालं, हात किंवा जबडा भरून आला, दरदरून घाम फुटला, तर कुणाला फोन करून विचारत बसू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर थेट रुग्णालय गाठा.

आता रिपोर्टकडे वळू. गोळीच्या आधी १६४ होतं, गोळीवर ९६ झालं. गोळी सोडली की आकडा पुन्हा १६४ च्या आसपास जाणार, हे धरूनच चालायचं. पण तो तिथे थांबला नाही, आणखी १७ ने वर गेला. रक्ताचा आकडा तपासणीगणिक थोडा हलतो, त्यामुळे ते सगळे १७ तेलाचेच, असं एका रिपोर्टवरून मी म्हणणार नाही. पण दिशा ओळखीची आहे. २०२० साली खोबरेलावरच्या १६ चाचण्या एकत्र करून त्यांचा हिशेब मांडला गेला. सोयाबीन, सूर्यफूल, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमने वाढलेलं दिसलं, आणि एचडीएल ४ ने. तुमच्या घरातला रिपोर्ट याच्याशी किती जुळतो, बघा.

बाटलीवर 'कोलेस्टेरॉल शून्य' लिहिलेलं असतं, त्यावरून बरेच जण फसतात. कुठल्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, ते आपलं यकृत तयार करतं. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल आत ओढून घेणारी दारं असतात. संतृप्त चरबी जास्त खाल्ली की ही दारं कमी होतात आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त चरबी संतृप्त असते. साजूक तुपातसुद्धा एवढी नसते. म्हणून तर थंडीत पारा २४ अंशांच्या खाली गेला की बाटलीत खोबरेल थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल तसंच पातळ राहतं. तेल थिजलं म्हणजे शुद्ध, असं आपल्याकडे म्हणतात. थिजण्यातून खरं तर त्यातल्या चरबीची जात कळते. (उलट बाजूचे लोक म्हणतात की ते रक्तवाहिन्यांतही असंच थिजतं. तेही खोटं. शरीर ३७ अंशांवर असतं आणि तेल आतड्यातून जसंच्या तसं रक्तात जात नाही.)

मिस्टरांच्या आनंदाचं कारण म्हणजे एचडीएल. 'चांगलं' या नावामुळे ते वाढलं की माणसाला हायसं वाटतं, आणि ज्यांचं एचडीएल मुळात चांगलं असतं त्यांच्यात हृदयविकार कमी दिसतो, हेही खरं. म्हणूनच औषध कंपन्यांनी एचडीएल वाढवणारी औषधं शोधायला फार पैसा ओतला. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढलं, पण २००६ मध्ये त्याची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त व्हायला लागले. नायसिननेही एचडीएल वाढवलं, पण कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी आधीच चालू असलेल्या रुग्णांचे झटके काही कमी झाले नाहीत. तेव्हा एचडीएलच्या पाच आकड्यांसाठी एलडीएलचे पंच्याऐंशी अंगावर घ्यायचे, हा सौदा तोट्याचा आहे. मिस्टरांना हे याच शब्दांत सांगा : ९६ वरून १८१.

काल तुमचं पत्र वाचल्यावर मी ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि दोन मोठे चमचे खोबरेल वाटीत मोजलं. २७ ग्रॅम. वाटीचा तळ जेमतेम झाकला गेला, बघून वाटतं, एवढ्याने काय होणार! आता हिशेब करा. त्यात साधारण २२ ग्रॅम संतृप्त चरबी. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने संतृप्त चरबीतून दहा टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा घ्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा टक्के म्हणजे २२ ग्रॅम. सकाळचा चहा व्हायच्या आधीच मिस्टरांचा दिवसाचा कोटा संपला. मग चहातलं दूध, दुपारचं वाटप घातलेलं कालवण, भातावरचं तूप, हे सगळं वरचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या ताटात दिवसभराचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. तेवढंच तुमच्या घरी अनशापोटी जातंय. कॅलरी म्हणाल तर २४० च्या आसपास, म्हणजे तीन फुलके. ते तीन फुलके त्यांनी जेवणातून कमी केलेत का, हेही विचारा.

व्हिडिओत काय सांगितलं असेल, याचा मला अंदाज आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर आठवड्यातल्या दोघातिघांनी तेच पाहिलेलं असतं.

एक म्हणजे 'एमसीटी'. मध्यम लांबीच्या साखळीची चरबी थेट यकृतात जाते, लगेच जळते, वजन उतरवते, असं सांगतात. त्यामागे खरे प्रयोग आहेत, पण ते आठ आणि दहा कार्बनांच्या चरबीचं खास बनवलेलं तेल वापरून केलेले. खोबरेलात ती चरबी जेमतेम १३ ते १५ टक्के असते. खोबरेलाचा जवळपास निम्मा भाग असतो लॉरिक आम्लाचा, बारा कार्बनांचा. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ते मध्यम साखळीत मोडतं, पण पोटात गेल्यावर त्याचा बराचसा भाग लांब साखळीच्या चरबीच्याच वाटेने शरीरात जातो. एका तेलावरचे प्रयोग दुसऱ्या तेलाच्या बाटलीवर चिकटवलेत, एवढंच झालंय.

दुसरा केंब्रिजचा प्रयोग, २०१८ चा. हा खरा आहे आणि तो दडवायचं मला कारण नाही. साधारण नव्वद निरोगी लोकांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल दिलं. लोण्याने एलडीएल वाढलं, खोबरेलाने फारसं नाही, आणि एचडीएल वाढलं. बघणाऱ्याला वाटतं, झालं, निकाल लागला. पण ती माणसं निरोगी होती, मुदत चार आठवड्यांची होती, आणि असे सगळे प्रयोग एकत्र केल्यावर काय दिसलं, ते वर लिहिलंच आहे.

तिसरा प्रयोग आपल्या देशातला, कोचीचा. हृदयविकाराच्या २०० रुग्णांना दोन वर्षं स्वयंपाकाला खोबरेल किंवा सूर्यफूल तेल दिलं आणि दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हा मला महत्त्वाचा वाटतो. पण तो नीट वाचायला हवा. त्या रुग्णांवर नेहमीचे औषधोपचार चालू होते आणि त्यांच्या स्वयंपाकातलं तेल बदललं होतं, वरून चमच्याने पाजलं नव्हतं. मिस्टरांनी नेमकं उलट केलंय : गोळी काढली आणि तेल वाढवलं. कोचीच्या प्रयोगाचा आधार त्यांना घ्यायचाच असेल, तर तो गोळी घेऊनच घ्यावा लागेल.

आणि 'व्हर्जिन' म्हणजे काय? ओल्या खोबऱ्यापासून, फार न तापवता, रसायनांशिवाय काढलेलं. वास सुरेख, चव चांगली, काही उपयोगी द्रव्यंही टिकतात. पण संतृप्त चरबीचं प्रमाण घाण्याच्या तेलात, गाळून शुद्ध केलेल्या तेलात आणि व्हर्जिनमध्ये जवळपास सारखंच. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून एलडीएल कमी वाढतं, असं होत नाही.

तुमच्या भाचीने पाठवलेलं भाषण फ्रायबुर्ग विद्यापीठातलं, कॅरिन मिशेल्स यांचं, २०१८ चं. 'निव्वळ विष' हा त्यांचा शब्द जगभर गाजला, भारत सरकारच्या फलोत्पादन आयुक्तांनी निषेधाचं पत्रसुद्धा पाठवलं. मलाही तो शब्द पटत नाही. विष थेंबभरानेही मारतं. केरळ, कारवार, गोवा इथे पिढ्यान्‌पिढ्या ज्या तेलात स्वयंपाक होतो, त्याला विष म्हणणं चूक आहे, आणि अशा शब्दांनी माणूस शहाणा होत नाही, नुसता घाबरतो. तुम्ही घाबरून बाटल्या माळ्यावर टाकल्यात, मिस्टर हट्टाला पेटले. एका भाषणातून एवढंच निघालं.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं खोटं नाही, अपुरं आहे. त्यांच्या मनात जे खोबरं आहे, ते मला माहीत आहे, कारण माझी आजी वेंगुर्ल्याची. आवेल, म्हणजे नारळाच्या दुधापासून घरी काढलेलं तेल, काढायचा दिवस असायचा, तेव्हा सकाळपासून घरात खोवण्या लागायच्या. नारळ खवायचे, चव वाटून दूध पिळायचं आणि ते कल्हईच्या टोपात चुलीवर मंद उकळत ठेवायचं. तासन्‌तास. पाणी आटत आलं की दूध फुटायचं, कणी तांबूस व्हायची आणि वर सोन्यासारखं तेल सुटायचं. तो वास गल्लीभर जायचा. खाली उरलेला तांबूस चोथा गूळ घालून आम्हां मुलांना मिळायचा. इतक्या नारळांचं तेल निघायचं लहानशा बरणीभर, आणि ती बरणी फळीवर सर्वांत वर. घरात तान्हं मूल असलं की त्याच्यासाठी, नाहीतर कुणाच्या भाजण्या-कापण्याला. आजीने कधी कुणाला त्यातलं दोन चमचे प्यायला दिलं असतं, ही कल्पनाच करवत नाही. घरच्या आवेलाची किंमत फार होती.

पोटात जायचं ते खोबरं, तेल नव्हे. वाटपातलं, सोलकढीतलं, भाजीवर पेरलेलं. ओल्या खोबऱ्यात चरबीचा भाग एक तृतीयांश असतो, सोबत चोथा आणि पाणी, त्यामुळे खाण्याला आपोआप आळा बसतो. जोडीला उकडा भात, मासे, कुळीथ, आणि दिवसभर चढ-उतारावरची कामं. पॅसिफिक महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांवरचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो इथे हमखास पुढे केला जातो. दोन्हीकडे नारळ हेच मुख्य अन्न आणि हृदयविकार तुरळक. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट सांगायची राहते : टोकेलाऊत ६३ टक्के ऊर्जा नारळातून यायची, पुकापुकात ३४ टक्के, आणि टोकेलाऊतल्या लोकांचं कोलेस्टेरॉल ३५ ते ४० मिलिग्रॅमने जास्त होतं. नारळ तिथेही कोलेस्टेरॉल वाढवतच होता. त्यांच्या बाकीच्या जगण्याने त्यांना सांभाळून घेतलं. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडून आठ तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ते बाकीचं जगणं मिळत नाही.

सासऱ्यांचं नाव सासूबाईंसमोर काढू नका. त्या ते विसरलेल्या नाहीत, ताई. 'कुणाला काही झालं नाही' असं म्हणणं हा त्यांचा स्वतःला सावरायचा मार्ग असेल. त्यांना उलट विचारा, 'तुमच्या माहेरी तेल प्यायचे का हो?' उत्तर त्याच देतील, आणि मुलाला ते आईच्या तोंडून ऐकू येईल.

मिस्टरांशी जेवताना बोलू नका आणि रिपोर्ट नाचवत तर मुळीच नको. आधी हे शोधा की गोळी सोडावीशी का वाटली. या गोळ्यांनी काहींच्या पोटऱ्या, मांड्या दुखतात. पुरुष ते बोलत नाहीत, गोळी गुपचूप बंद करतात. तसं असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात, गोळी बदलतात, दुसऱ्या जातीचं औषध देतात. वाट असते. किंवा वडिलांच्या वयाला दोन वर्षं उरलीत, याची भीती असेल. रोज गोळी घेणं म्हणजे आपण आजारी आहोत हे रोज कबूल करणं, आणि तेल घेणं म्हणजे आपण स्वतःसाठी काहीतरी चांगलं करतोय, असं वाटणं. ही भावना खरी आहे, तिची कदर करा. त्यांना हातात काहीतरी हवंय, तर ते द्या : संध्याकाळी पाऊण तास दोघांनी चालणं, सकाळी तेलाऐवजी भिजवलेले मूठभर बदाम किंवा अक्रोड, ताटात उसळ. डॉक्टर सांगतील तितक्या आठवड्यांनी पुन्हा तपासणी. आकड्यांवर त्यांचा विश्वास आहेच, तर खाली येणारा आकडा त्यांनाच दाखवू दे.

स्वयंपाकातून खोबरेल हद्दपार करायचं का? नाही. रोजच्या फोडणीला शेंगदाणा, सोयाबीन, करडई, मोहरी यांतलं आलटूनपालटून वापरा. पण बांगड्याच्या तिखल्यावर लहान चमचाभर खोबरेल पडल्याशिवाय ते तिखलं होत नाही, हे मला मान्य आहे. आठवड्यातून एकदोनदा खुशाल घाला, त्या दिवशी तूप नको. आणि वाटपातल्या सुक्या खोबऱ्याकडे लक्ष असू द्या. त्यात साठ टक्क्यांहून जास्त चरबी असते, आणि ती कुणी मोजत नाही. अर्ध्या वाटीच्या जागी पाव वाटी घ्या, कांदा थोडा जास्त भाजून घ्या. चव फारशी हलत नाही, मी स्वतः असंच करते.

आता नातू, आणि इथे मी खोबरेलाच्या बाजूने उभी आहे. कोरड्या कातडीला हे तेल चांगलं आहे. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत व्हर्जिन खोबरेल हे खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पातळ हात फिरवा, रगडू नका. कातडी लाल होऊन ओलावली असेल, फुटली असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि कुणीही सांगितलं तरी बाळाच्या नाकात, कानात तेल घालू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. या बाबतीत आपल्या आज्यांची रीत चुकीची होती, हे प्रेमानेच पण ठामपणे सांगायला हवं.

केसांनाही ते मानवतं. मुंबईत झालेलं २००३ चं एक संशोधन आहे : धुण्याआधी खोबरेल लावलं तर केसातलं प्रथिन कमी झिजतं, सूर्यफूल आणि खनिज तेलाने तसं होत नाही. लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. संशोधन करणारे एका खोबरेल तेल कंपनीचेच होते, हे लक्षात ठेवून वाचावं, पण कारण पटण्यासारखं आहे. कोंडा असेल तर मात्र रात्रभर थापून ठेवू नये, त्याने कोंडा वाढू शकतो. केसांचं आणि खायचं तेल एकच का, असा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, कर किती लावायचा यासाठी. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला की लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेलच धरायचं, केसांचं तेल म्हणून विकलं असेल तरच वेगळं.

तेव्हा माळ्यावरच्या बाटल्या खाली काढा. झाकण उघडून वास घ्या. खवट आला तर टाकून द्या. चांगल्या असतील तर एक न्हाणीघरात नातवासाठी ठेवा, एक स्वयंपाकघरात लहान चमच्यासकट. आणि मिस्टरांची ती महागाची व्हर्जिनची बाटली त्यांच्याच हातात द्या, संध्याकाळी आंघोळीनंतर नातवाच्या पायांना हलक्या हाताने तेल लावायचं काम त्यांच्याकडे सोपवा. पुढचा रिपोर्ट आला की मला दोन ओळी लिहा.